अधोरेखित शब्द कोणता?

पोरी, अंध वाचकांसाठी मराठी पुस्तकं डिजिटल करायचं काम तू अंगावर घेतलंस, बरं झालं. टायपिंग तुझं झकास आहे आणि शुद्धलेखन माझ्यापेक्षाही बरं. पण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुला सांगेल, "मजकूर तेवढा उतरव, बाकीच्या सजावटीचं त्यांना काय?" सांगणारा माणूस मनाने चांगलाच असेल. त्याला चहा पाज आणि त्याचं ऐकू नकोस.

प्रकरणाचं नाव मोठ्या टाइपात असतं, कवितेची ओळ मध्येच मोडते, एखादा शब्द ठळक असतो, दोन परिच्छेदांमध्ये जागा सुटते. या सगळ्या लेखकाने वाचकासाठी ठेवलेल्या खुणा आहेत आणि डोळस वाचक त्या नकळत वाचत जातो. त्याच खुणा कानाला आणि बोटाला कळतील अशा फाइलमध्ये ठेवायच्या, हे तुझं काम. खालचं सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही, अडशील तिथे उघड. पहिला मुद्दा मात्र आजच करून बघ.

१. शाळेचं एखादं व्याकरणाचं पुस्तक घे आणि 'अधोरेखित शब्दाची जात ओळखा' हा प्रश्न संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, लावून ऐक — तो वाक्य वाचेल, प्रश्न वाचेल, पण अधोरेखित काय ते सांगणार नाही. ठळक, तिरपं, अधोरेखित हे तो मूळ सेटिंगमध्ये बोलतच नाही.

समज, वाक्य आहे 'सुमती अंगणात हळूच आली.' आता विचारलंय ते नाम, क्रियाविशेषण की क्रियापद? ऐकणाऱ्या अंध मुलाला तिन्ही येतात, तिन्ही घडाघडा सांगेल. गुण जातात ते एक रेघ फाइलमध्ये पोचली नाही म्हणून. आणि घरी आल्यावर आई म्हणते, "एवढं सोपं होतं, लक्ष कुठे होतं तुझं?"

२. रेघ हाच प्रश्न असेल तेव्हा ती शब्दांत लिही, वाक्यापुढे कंसात 'अधोरेखित शब्द: हळूच' — परीक्षेच्या आदल्या दिवशी कुठलं सेटिंग चालू आहे याच्या भरवशावर मुलाला सोडू नये.

३. गाळलेल्या जागेत रेघोट्या ओढू नकोस, 'रिकामी जागा' असं लिही — काही यंत्रं प्रत्येक रेघोटी मोजत 'अंडरलाइन, अंडरलाइन' करत बसतात, काही गप्प राहतात, आणि वाक्य पूर्णच होतं असं मुलाला वाटतं.

४. 'जोड्या लावा'चे दोन गट एका टेबलात समोरासमोर मांडू नकोस, 'अ' गटाची यादी आधी आणि 'ब' गटाची नंतर दे — स्क्रीन रीडर टेबल आडवं वाचतो, म्हणजे चुकीची जोडी आधी कानात बसते आणि मग ती पुसायची मेहनत.

५. प्रश्न लाल शाईत आणि उत्तरं निळ्या शाईत असतील, तर त्यांना 'प्रश्न' आणि 'उत्तर' अशी नावं दे — रंग कानाला ऐकू येत नाही.

६. कादंबरीत मात्र याच्या उलट वाग. प्रत्येक ठळक शब्दाला 'ठळक सुरू, ठळक समाप्त' असली लेबलं चिकटवू नकोस, ठळकपणा खऱ्या फॉरमॅटिंगमध्ये ठेव — ज्याला हवंय तो एनव्हीडीएची कळ आणि एफ दाबून विचारतो किंवा सेटिंग चालू करतो, आणि ज्याला गोष्टीत रमायचंय त्याच्या कानाशी तू कुजबुजत राहायची गरज नाही.

हा फरक नीट ध्यानात धर, कारण यात नियम कमी आणि तारतम्य जास्त. पाठ्यपुस्तकात खूण सुटली तर उत्तर चुकतं, तिथे ती बोलून दाखव. ललित लेखनात ती शांतपणे जपून ठेव. आणि डीटीपीवाल्याने पान भरायला मारलेली नक्षी असेल तर बिनदिक्कत काढून टाक, तिच्यासाठी कुणी रडणार नाही.

७. प्रकरणाच्या नावाला वर्डमधली 'हेडिंग १' स्टाइल दे, पोटशीर्षकाला 'हेडिंग २' — एच दाबला की वाचक पुढच्या शीर्षकावर जातो; तू नुसता टाइप मोठा आणि ठळक केलास तर त्याच्या हिशेबी तिथे प्रकरणच नाही. पाटी रंगवली म्हणून दुकान होत नाही, बाई.

८. पातळी गाळू नकोस, दोनच्या पोटात थेट चार नको — मधलं काहीतरी फाइलमध्ये यायचं राहिलं असं समजून वाचक मागे शोधत बसतो.

९. जुन्या पुस्तकांत 'प्र स्ता व ना' आणि शेवटी 'स मा प्त' असं सुटं सुटं छापायची हौस असते, ते जोडून लिही — यंत्र प्रत्येक अक्षर वेगळा शब्द म्हणून उच्चारतं. मोकळं दिसायलाच हवं असेल तर अक्षरांतलं अंतर फाँटच्या सेटिंगमधून वाढव. डोळ्याला नटवलं, कानाला फसवलं.

१०. प्रकरणाच्या आरंभी अगडबंब पहिलं अक्षर असेल तर ते शब्दात परत घे — नाहीतर 'म' म्हणून यंत्र थांबतं आणि मग 'हाराष्ट्रात' म्हणतं.

११. नवीन पानावर जायला एंटरची माळ लावू नकोस, पेज ब्रेक घाल — एकेका रिकाम्या ओळीवर 'ब्लँक, ब्लँक' ऐकत पुढे सरकायचं म्हणजे वाचकाचा अंत पाहणं.

१२. पण प्रसंग बदलताना लेखकाने सोडलेली मोकळी ओळ मात्र जप, आणि तिथे एक ठरलेली खूण टाक — रूपांतर करणारे प्रोग्राम रिकामे परिच्छेद सर्रास गिळतात, मग रात्री पुण्यात झोपलेला नायक पुढच्याच वाक्यात नागपूर स्टेशनवर उभा असतो. तीन फुल्या असतील तर 'स्टार स्टार स्टार' ऐकू येतं. त्यापेक्षा आडवी विभाजक रेघ बरी.

आता मराठीचं म्हणून जे खास दुखणं आहे तिकडे वळू. इंग्रजीतली मार्गदर्शनं वाचशील, चांगली असतात, पण यातलं काही त्यांत सापडायचं नाही.

१३. प्रकाशकाकडून आलेली फाइल युनिकोडमध्ये आहे का, हे सगळ्यात आधी बघ. एखादा परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटव — जुन्या फाँटातल्या फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, मराठी दिसतं ते फाँटमुळे. स्क्रीन रीडर आतलं वाचतो आणि तुकारामांच्या ऐवजी कंसांचा अन् टक्क्यांचा पाऊस पाडतो.

१४. कन्व्हर्टरमधून काढल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हे दोन मुद्दाम तपास — जुन्या फाँटात वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते. ब्रेलमध्येही आधी व्यंजन, मग स्वर, म्हणून इथली अदलाबदल थेट बोटाखाली येते.

१५. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले शब्द एकदा शोधून वाच — इथे अर्थच पालटतो.

हे जरा सविस्तर सांगते. 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला, 'आचार्याला' म्हणजे गुरूला. पहिल्यातला तो आडवा, चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्याला न दिसणारं चिन्ह. फाइल 'स्वच्छ' करण्याच्या भरात कुणी ही न दिसणारी चिन्हं सरसकट पुसली, की दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सगळे आचारी एका क्षणात आचार्य होतात. लग्नाच्या पंगतीत भात कच्चा राहिला म्हणून लोक आचार्याला फैलावर घेताहेत, असं पुस्तक तुझ्या हातून बाहेर जाईल. ऐकणाऱ्याला मूळ पान बघून खात्री करायची सोय नाही, हे विसरू नकोस.

१६. म्हणून पूर्ण पुस्तकावर एकदम फाइंड-रिप्लेस चालवायच्या आधी एका प्रकरणावर चालव आणि वाचून बघ. घाईचं रिप्लेस, महिनाभर क्लेश.

१७. 'दुःख', 'स्वतः', 'प्रातःकाळ' यांत खरा विसर्ग आहे का कोलन, ते शोध — पडद्यावर दोन्ही टिंबं सारखीच, पण कोलन आला की शब्द दुभंगतो आणि यंत्र 'दु' म्हणून दम खातं.

१८. ओवी-अभंगाच्या शेवटचा दुहेरी दंड त्याच्या स्वतःच्या चिन्हाने लिही, कीबोर्डवरच्या दोन उभ्या रेघांनी नव्हे — नाहीतर प्रत्येक ओवीअंती भक्तिरसात 'व्हर्टिकल बार, व्हर्टिकल बार' मिसळतं. स्कॅन केलेल्या मजकुरात कान्याच्या जागी दंड आणि दंडाच्या जागी कानाही येतो, तोही टिप.

१९. स्कॅन करताना ३०० डीपीआय ठेव आणि ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करणं) झाल्यावर घ-ध, भ-म, ष-प आणि 'ख'चं 'रव' या जोड्यांवर डोळा ठेव — 'घर'चं 'धर' झालं तरी स्पेलचेक हू का चू करत नाही, कारण 'धर' हाही शब्दच आहे.

२०. फाइलची भाषा मराठी अशी नोंदव, आणि मध्ये संस्कृत श्लोक किंवा इंग्रजी परिच्छेद आला तर तेवढ्यालाच त्याची भाषा दे — स्क्रीन रीडर या नोंदीवरून आवाज निवडतो. हिंदी आवाजाच्या तोंडी 'चाक' आणि 'चूल' ऐकलीस की मी काय म्हणते ते कळेल.

२१. कवितेच्या ओळी शिफ्ट-एंटरने मोड आणि कडवं संपलं की साधा एंटर दे — परिच्छेदागणिक पुढे जाणाऱ्याला एकेक कडवं सलग मिळतं आणि ओळीओळीने जाणाऱ्याला ओळी मिळतात. प्रत्येक ओळीला एंटर दिलास तर कडवी कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, याचा पत्ताच लागत नाही.

२२. आत सरकलेली ओळ स्पेसबारने सरकवू नकोस, इंडेंटने सरकव — स्पेस मोजून केलेली मांडणी फाँट बदलला तरी कोसळते, ब्रेलमध्ये तर विचारूच नकोस.

२३. नाटकात पात्राचं नाव, मग कोलन, मग संवाद ही शिस्त शेवटपर्यंत पाळ, आणि रंगसूचना कंसातच ठेव — छापील पुस्तकात तिरप्या टाइपावरून कळतं की 'दार आपटून जातो' हे कुणी म्हणत नाहीये. कंस सुटला की पात्र स्वतःच तसं बोलतं.

२४. तळटीप वर्डच्या 'इन्सर्ट फुटनोट'नेच घाल, नुसती फुली मारून पानाच्या तळाशी टाइप करू नकोस — खरी तळटीप असली की वाचक तिच्यावर जातो, वाचतो आणि निघाला त्याच शब्दावर परततो. टीप तळाशी, वाचक उपाशी.

२५. ओसीआरने तळटिपा पानागणिक वाक्याच्या मध्ये आणून टाकलेल्या असतात, त्यांना एकेक करून घरी पोचव. पानाच्या माथ्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव तसंच येतं, तेही काढ — 'तिने दार उघडलं आणि समोर' यानंतर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव ऐकून कोणाला धस्स होणार?

२६. ओळीच्या शेवटी संयोगचिन्हाने मोडलेले शब्द जोड, पण 'आई-वडील', 'येणं-जाणं' यांतली खरी चिन्हं सोबत उडवू नकोस.

२७. छापील पानांचे क्रमांक जप, मूळ पान जिथे बदलतं तिथे खूण ठेव — वर्गात बाई 'पान ४२ काढा' म्हणतात तेव्हा अंध मुलालाही सगळ्यांबरोबर तिथे पोचायचं असतं. ईपब आणि डेझी या डिजिटल पुस्तकांच्या प्रकारांत यासाठी वेगळी सोय आहे. पान सुटलं, की वर्ग सुटला.

२८. पान शब्दाच्या मध्येच बदलत असेल तर खूण शब्द संपल्यावर टाक, 'महा… पान ४३… बळेश्वर' नको.

२९. चित्राचं वर्णन लिहिताना लेखकाने ते तिथे का घातलं, ते आधी स्वतःला विचार — कोकणाच्या नकाशाखाली धडा बंदरांचा असेल तर बंदरं उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने सांग, नकाशाचा हिरवा रंग नको.

३०. वर्णन दोन-तीन वाक्यांत आटप. 'या चित्रात असे दिसते की' हे सुरुवातीला लिहू नकोस — चित्र आहे हे यंत्राने आधीच सांगितलेलं असतं.

३१. चौकटीतला मजकूर तरंगत्या टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवू नकोस, मुख्य प्रवाहात आण आणि त्याला छोटं शीर्षक दे — तरंगती चौकट स्क्रीन रीडर बरेचदा ओलांडून जातो, किंवा भलत्याच जागी वाचतो.

३२. गणिताची समीकरणं चित्र म्हणून डकवू नकोस, समीकरणाच्या साधनाने लिही — चित्रातला अपूर्णांक मुका असतो.

३३. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, मलपृष्ठावरचा मजकूर गाळू नकोस — दुकानात डोळस माणूस पुस्तक आधी उलटं करूनच बघतो, ती चैन इतरांनाही हवी.

मधेच कायद्याचं सांगते, कारण प्रकाशकाच्या फोनवर तू गोंधळशील. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तक उतरवण्याची मुभा मिळाली. ना-नफा काम करणाऱ्या संस्थेला ती विनापरवानगी वापरता येते. पुढे जून २०१३ मध्ये मराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. करार ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. त्यात एक अट आहे, ती भिंतीवर लावून ठेव: मूळ कृतीची अखंडता राखायची. रूप बदलायची मुभा आहे, लेखकाचे शब्द 'सोपे' करायची नाही. लेखकाने 'वर दिलेली आकृती पाहा' लिहिलं असेल तर 'पाहा'चं 'ऐका' करू नकोस. अंध माणसंसुद्धा सिनेमा पाहतात असंच म्हणतात, तूच एकटी अवघडून जातेस.

३४. नवीन पुस्तक हाती घेण्याआधी ते सुगम्य पुस्तकालयात आहे का, ते शोध — हे ऑनलाइन ग्रंथालय ऑगस्ट २०१६ पासून चालू आहे, आणि दुसऱ्याने निगुतीने केलेलं पुस्तक पुन्हा करण्यात कसलं शौर्य?

३५. वर्डमध्ये रचना नीट लागली की मगच डेझी कन्सोर्टियमच्या फुकट मिळणाऱ्या 'वर्ड-टू-ईपब'ने ईपब कर आणि त्यांच्याच 'एस' या तपासणीच्या प्रोग्रामने तपास — शीर्षकं, भाषा, चित्रवर्णनं यांतली उणीव ते दाखवतं. वर्णन आहे एवढंच त्याला कळतं. वर्णन मूर्खपणाचं आहे का, ते तुलाच बघावं लागेल.

३६. नुसती पीडीएफ देऊन मोकळी होऊ नकोस — वाचकाला अक्षर मोठं करायचं असतं, ब्रेलमध्ये काढायचं असतं, आणि पीडीएफ दोन्हीला आढेवेढे घेते.

३७. ब्रेल छापायला जाणारी फाइल वेगळी वाचून घे. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली, तिच्यात सहा टिंबांच्या एका घरात एक चिन्ह मावतं — ठळकपणाच्या खुणाही घरं खातात, आणि ४० घरांच्या ओळीत तीन शब्दांमागे एक ठळक शब्द असला की बोट खुणाच वाचत राहतं. तिथे कात्री लाव.

३८. प्रत्येक पुस्तकासोबत एक टिपण ठेव: प्रसंगबदलाला कोणती खूण, तळटीप कुठे, काय गाळलं आणि का — नाहीतर चार महिन्यांनी दुसरा भाग येतो, आणि एकाच कादंबरीच्या दोन भागांत दोन पद्धती निघतात.

३९. मूळ स्कॅन आणि पहिली फाइल हात न लावता बाजूला ठेव. फाइलच्या नावात तारीख घाल, 'फायनल_नवीन_खरीफायनल' नको — तुझ्या आईच्या मोबाइलवरचे फोटो जसे हरवतात तशा असल्या नावाच्या फाइली हरवतात.

४०. झालेल्या फाइलचा थोडा भाग पडदा बंद करून स्वतः ऐक, फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर लावूनसुद्धा — पुष्कळ वाचक पुस्तक फोनवरच ऐकतात, आणि संगणकावर सुतासारखं सरळ चाललेलं तिथे अडखळतं.

४१. पण तुझं ऐकणं पुरेसं नाही, तुला पुस्तक आधीच पाठ झालेलं असतं. सरावलेल्या अंध वाचकाकडे फाइल दे आणि "कसं वाटलं?" असं विचारू नकोस — माणसं भिडेखातर "छान आहे" म्हणतात. "तिसऱ्या प्रकरणातली दुसरी टीप काढा", "पान ११२ वर जा", "ती कविता किती कडव्यांची आहे?" असं काम सांग आणि गप्प बसून बघ.

४२. ते कुठे थांबतात, कुठे दोनदा मागे जातात, ते लिहून घे. मध्येच माउस हातात घेऊन "थांबा, मी दाखवते" म्हणू नकोस — घरी फाइल उघडतील तेव्हा तू शेजारी नसशील.

४३. त्यांनी काढलेली चूक सुधारलीस की त्यांना फोन करून सांग, आणि प्रूफ वाचणाऱ्याला देतेस तेवढेच पैसे त्यांनाही दे — कामाचं बिल कामासारखंच निघायला हवं. अंदाजपत्रक करतानाच ती ओळ घाल, मागून मागितलीस तर खजिनदार हात वर करतो.